वाचकांचे प्रश्न : आरव्हीतला प्रोपेन आणि गळका रेग्युलेटर

उन्हाळी सहलींचे बेत सुरू झाले की आरव्हीविषयीची, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या प्रवासी गाड्यांविषयीची, पत्रं वाढतात. या खेपेस प्रोपेनची पत्रं एकत्र घेतली आहेत. उत्तरं अमेरिकेतल्या गाड्यांना धरून आहेत. शेवटचं पत्र पुण्याचं आहे, त्याचं गणित वेगळं आहे.

जुलैमध्ये आई-बाबा भारतातून येताहेत. त्यांना घेऊन भाड्याच्या आरव्हीने यलोस्टोनला जाणार आहोत. रात्री झोपेत गॅसचा वास आला तर सगळ्यात आधी काय करायचं?
— एक वाचक, सिॲटल

आधी माणसं बाहेर. बाकी सगळं नंतर.

दिवा लावू नका, आणि लागलेला असेल तर बंदही करू नका. ठिणगी बटण दाबतानाही पडते आणि सोडतानाही. छताचा पंखा सुरू करून वास घालवावा असं वाटेल, तेही करू नका. आपण काहीच हात लावला नाही तरी आरव्ही स्वतःहून ठिणग्या पाडत असते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजची ज्योत विझली की तो आपोआप पुन्हा पेटवू पाहतो. पाणी तापवायचा बंब आणि फर्नेस (गाडी उबदार ठेवणारी गॅसची भट्टी) यांचंही तसंच. म्हणून आत थांबून गळती शोधत बसण्यात अर्थ नाही. दार एकदा उघडलं की उघडंच ठेवा. काही गाड्यांत दाराबरोबर पायरीची मोटर फिरते, त्यामुळे दाराची उघडझाप करायची नाही.

बाहेर आल्यावर टाकीचा वॉल्व्ह हाताने घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवून बंद करा. सूं असा जोराचा आवाज येत असेल किंवा टाकीजवळ वास उग्र असेल तर तेवढ्यासाठीही जवळ जाऊ नका. वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला लांब जा आणि तिथून ९११ ला फोन करा.

प्रोपेनची वाफ हवेच्या दीडपट जड असते. ती जमिनीलगत पसरते, पलंगाखालच्या आणि बाहेरून उघडणाऱ्या सामानाच्या कप्प्यांत साठून राहते. हवेत तिचं प्रमाण २.१ ते ९.५ टक्क्यांच्या दरम्यान असलं की ठिणगीने भडका उडतो. २५ फूट लांब, ८ फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच गाडीत १,३०० घनफूट हवा मावते. तिच्यात सव्वातीन पौंड प्रोपेन सारखा मिसळला की ही खालची मर्यादा गाठली जाते. प्रत्यक्षात गॅस तळाशी थरून बसतो, म्हणजे त्याहून कमी गॅसही पायांशी धोका उभा करू शकतो.

गाडी ताब्यात घेताना भाड्याने देणाऱ्याला तीन गोष्टी दाखवायला सांगा: टाकीचा वॉल्व्ह, जमिनीलगतचा गॅस अलार्म आणि त्या अलार्मवरची तारीख. वॉल्व्ह स्वतः एकदा बंद-चालू करून पाहा. अंधारात तो कुठे चाचपायचा हे हाताला माहीत असायला हवं. आई-बाबांना अलार्मचा आवाज ऐकवून ठेवा. वयामुळे नाक मंदावलेलं असतं, आणि तरुण नाकही दहा-पंधरा मिनिटांत वासाला सरावतं.

आम्ही वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायची आरव्ही) घेतला. पुढच्या जिभेवर, म्हणजे गाडीला जोडायच्या दांड्यावर, दोन सिलिंडर आणि मध्ये एक संपला की आपोआप दुसऱ्यावर बदलणारा रेग्युलेटर आहे. कव्हर काढलं की वास येतो. सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा नाही. मग वास कुठून?
— एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

जोडांना साबण लावलात, पण रेग्युलेटरच्या श्वासाच्या भोकाला लावलात का? बहुतेक जण तेवढंच सोडतात.

रेग्युलेटर काय करतो ते आधी पाहू. सिलिंडरमधला दाब हवामानाप्रमाणे साधारण १०० ते २०० पौंड प्रति चौरस इंच असतो. शेगडी-फ्रिजला लागतो ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे जेमतेम ०.४ पौंड. एवढी मोठी उतरण एका टप्प्यात नीट जमत नाही, म्हणून आरव्हीत दोन टप्प्यांचा रेग्युलेटर लागतो. पहिला टप्पा दाब १०-१५ पौंडांपर्यंत आणतो आणि दुसरा ११ इंचांवर. प्रत्येक टप्प्यात एक रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग आणि बाहेरची हवा. पडदा वर-खाली व्हायला ती हवा आत-बाहेर जावी लागते, त्यासाठी हे जाळी बसवलेलं भोक असतं. तिथून हवा आली-गेली तर ठीक. गॅस आला तर रेग्युलेटर गेला.

तपासायचं असं. ट्रेलरमधली सगळी उपकरणं बंद करा, एक सिलिंडर हळूहळू पूर्ण उघडा, दोन मिनिटं थांबा. मग भोकाच्या तोंडावर ब्रशने साबणाचा पातळ पापुद्रा ओढा, पण पाणी आत ओतू नका. वॉल्व्ह उघडतानाच एखादा बुडबुडा आला तर तो पडदा हलल्याचा. पुसून पुन्हा पापुद्रा ओढा. तो फुगत राहिला, फुटून पुन्हा फुगला, तर गॅस गळतोय.

कारणं दोन. एक, पडदा चिरला. जुनं रबर कडक होतं आणि ट्रेलरची जीभ खड्ड्यांतून हादरे खात असते. दोन, पडदा शाबूत आहे पण आतली बैठक, म्हणजे गॅसची वाट बंद करणारी जागा, नीट मिटत नाही. बैठकीवर कचऱ्याचा कण किंवा तेलकट चिकटा बसला की उपकरणं बंद असतानाही दाब चढत राहतो. तो प्रमाणाबाहेर गेला की दुसऱ्या टप्प्यातली सुरक्षा झडप उघडते आणि जादा गॅस याच भोकातून बाहेर सोडते. त्या झडपेने आपलं काम चोख केलेलं असतं. ओळखायची खूण अशी: शेगडीचा एक बर्नर पेटवल्यावर गळती थांबत असेल आणि बंद केल्यावर काही वेळाने परत सुरू होत असेल, तर दोष बैठकीचा. पेटवून पाहण्याआधी आत अजिबात वास नाही याची खात्री करा. वास असेल तर निदान राहू द्या. दोन्ही दोषांत उपाय एकच आहे, नवा रेग्युलेटर.

भोकावर चिकटपट्टी, एम-सील, सिलिकॉन असलं काहीही लावू नका. भोक बुजलं की पडद्याला हलता येत नाही, दाब भलताच होतो आणि शेगडीची ज्योत हातभर उडू शकते. बर्फाने, चिखलाने किंवा गांधीलमाशीने घातलेल्या मातीच्या घराने भोक बुजलं तरी हाच प्रकार होतो. म्हणूनच रेग्युलेटर बसवताना भोक खाली तोंड करून असावं लागतं आणि उघड्या जागी त्याच्यावर आच्छादन लागतं. जुन्या ट्रेलरवर कुणी तरी रेग्युलेटर आडवा पिळून ठेवलेला हमखास सापडतो.

भोक निर्दोष निघालं तर आणखी दोन जागा पाहा. सिलिंडरच्या वॉल्व्हच्या तोंडाशी आत काळी रबरी कडी असते. ती चिरली की मोठा प्लॅस्टिकचा नट कितीही घट्ट करा, गॅस येतच राहतो. हा नट नेहमी हातानेच घट्ट करायचा, पाना लावला की प्लॅस्टिक तडकतं. कडी खराब असेल तर तो सिलिंडर भरणाऱ्याकडे परत द्या. दुसरी जागा वॉल्व्हच्या मुठीखालची दांडी. वॉल्व्ह अर्धवट उघडा असताना तिथून गळतं आणि पूर्ण उघडल्यावर बंद होतं, असं पुष्कळदा दिसतं.

साबणाविषयी एक सूचना. अमोनिया किंवा ब्लीच असलेला साबण घेऊ नका. अमोनियाने पितळेला बारीक भेगा पडतात. भांड्यांचा साधा साबण पाण्यात कालवा किंवा हार्डवेअरच्या दुकानातला गळती शोधायचा द्रव घ्या. तपासून झाल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन टाका.

आणि हो, सिलिंडर जवळजवळ रिकामा असेल तर वास जरा जास्तच येतो. वासाचं द्रव्य गॅसपेक्षा हळू उडतं, म्हणून तळाशी उरलेल्या थोड्या गॅसमध्ये त्याचं प्रमाण वाढतं. पण म्हणून "टाकी संपत आली असेल" असं म्हणून वास सोडून देऊ नका.

रेग्युलेटर स्वतः बदलता येतो का? काय काय आणावं लागेल?
— एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

सुट्या सिलिंडरांच्या ट्रेलरवर, पाना धरायची सवय असेल तर येतो. मोटरहोममधली (स्वतःचं इंजिन असलेल्या आरव्हीतली) टाकी चासीला कायमची जोडलेली असते आणि तिथे हात घालायला जागाही नसते. ते काम प्रमाणित तंत्रज्ञाला द्या. रेग्युलेटर उघडून आतला पडदा बदलायच्या फंदात मात्र कुणीच पडू नये. तो दुरुस्तीसाठी केलेलाच नसतो.

सामान: दोन टप्प्यांचा, आरव्हीसाठीचा, आपोआप बदलणारा रेग्युलेटर. साधारण ५० ते १०० डॉलरांत मिळतो. बार्बेक्यूचा रेग्युलेटर दिसायला जवळचा असला तरी तो इथे चालत नाही. खोक्यावरची बीटीयूची (उष्णतेच्या एककातली) क्षमता तुमच्या सगळ्या उपकरणांच्या बेरजेहून जास्त हवी. फर्नेस ३०-४० हजार, टाकीचा बंब १२ हजार, तीन बर्नरची शेगडी वीस-बावीस हजार, फ्रिज दीड-दोन हजार. टाकीविना पाणी तापवणारा नवा बंब एकटाच ४०-६० हजार खातो, तो नंतर बसवला असेल तर बेरीज नव्याने करा. सोबत सिलिंडरपासून रेग्युलेटरपर्यंतच्या दोन्ही आखूड नळ्या नव्याच घ्या. जुन्या नळ्यांतून सुटलेला तेलकट चिकटा नव्या रेग्युलेटरच्या बैठकीवर जाऊन बसतो, मग सहा महिन्यांत तुम्ही पुन्हा तिथेच. शिवाय गॅससाठीची पिवळी टेप आणि दोन पाने.

जुन्याचा फोटो काढा. दोन्ही सिलिंडर बंद करा, आत वास नसेल तर नळीत उरलेला गॅस एका बर्नरवर जाळून टाका, मग सगळी उपकरणं आणि १२ व्होल्टची बॅटरी बंद करा. सिलिंडरकडचे नट हाताने सुटतात. जुन्या पितळी नटांचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतात. इथे जोर लावून नट मोडणारे बरेच असतात. रेग्युलेटरकडचे जोड सोडताना एक पाना जोडावर आणि दुसरा रेग्युलेटरच्या बाजूला आधाराला धरा, नाही तर तांब्याची नळी पिळवटते.

टेप कुठे लावायची यात सर्वांत जास्त घोळ होतो. निमुळते आटे असलेल्या पाइपजोडांना टेप लागते. ती आट्यांच्या दिशेने दोन-तीन वेढे गुंडाळायची आणि टोकाचे पहिले दोन आटे मोकळे सोडायचे, म्हणजे टेपचा तुकडा आत जात नाही. फुलवलेल्या तोंडाच्या जोडांना, म्हणजे फ्लेअर फिटिंगना, टेप लावायची नाही. तिथे धातूवर धातू बसून गॅस अडतो आणि टेप मध्ये आली की उलट गळतं. सिलिंडरच्या नटालाही टेप नाही.

बसवताना भोक खाली, आणि रेग्युलेटर सिलिंडरच्या वॉल्व्हपेक्षा थोडा उंच, म्हणजे चिकटा परत सिलिंडरकडे उतरतो. मग एक सिलिंडर हळू उघडा आणि प्रत्येक जोडाला साबण लावा. एक सिलिंडर उघडा ठेवून दुसरा काढायची सोय या रेग्युलेटरमध्ये असते, तीही आत्ताच तपासा. दुसऱ्या बाजूची नळी सोडून तिच्या तोंडाला साबण लावा. बुडबुडे आले तर आतली परतीची झडप मिटत नाही. नवा माल असला तरी परत करा.

दाब कारखान्यात ठरवलेला असतो, तरी प्रवासाला निघण्याआधी तो मोजून घ्या. टोपीखालचा स्क्रू अंदाजाने फिरवू नका. "ज्योत जरा मोठी हवी" म्हणून अर्धा फेरा दिला की फ्रिजच्या धुराड्यात काजळी आणि शेगडीवर पिवळी ज्योत, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड.

साबणाने काही सापडत नाही, तरी गॅस अलार्म आठवड्यातून एकदा वाजतो. गळती आहे की अलार्म खराब?
— एक वाचक, डॅलस

अलार्मवर छापलेली तारीख पाहा. हे अलार्म पाच ते सात वर्षं टिकतात, नंतर काही वाजतात उगाच आणि काही वाजतच नाहीत. बॅटरीचा दाब उतरला, जवळ हेअर-स्प्रे किंवा सफाईचा फवारा मारला, तरी तो ओरडतो. पण गळती नाही हे सिद्ध झाल्याशिवाय दोष अलार्मवर ढकलू नका. दर वेळी वाजला की वॉल्व्ह बंद करून बाहेर पडायचंच. प्रश्न सुटेपर्यंत सिलिंडर बंदच ठेवा.

सिद्ध करायची रीत म्हणजे दाब धरून ठेवण्याची चाचणी. तिला मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं साधन, लागतो, आणि तो घरी करता येतो. पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात फळीवर बांधा, दोन्ही पाय निदान १६ इंचांचे हवेत. निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक तोंड उघडं, दुसरं गॅसला. दाब म्हणजे दोन्ही पायांतल्या पाण्याच्या पातळ्यांमधलं पूर्ण अंतर. ११ इंच दाबाला पाणी एका पायात साडेपाच इंच खाली जातं आणि दुसऱ्यात साडेपाच वर चढतं. एकाच पायातलं मोजून "दाब निम्माच आहे" म्हणत रेग्युलेटर पिळणारे आहेत, त्यांच्यातले होऊ नका. पाणी उसळून बाहेरच पडलं तर मोजायला काही उरत नाही: सिलिंडर बंद करा, रेग्युलेटर गेलेला आहे.

नळी शेगडीच्या एका बर्नरच्या गॅसच्या तोंडावर घट्ट बसवा. फ्रिज, बंब, फर्नेस, ओव्हनची पायलट ज्योत, सगळं बंद. खिडक्या उघड्या. सिलिंडर उघडा, नळी जोडलेल्या बर्नरची कळ उघडा, दाब स्थिरावू द्या. मग सिलिंडर बंद करा आणि दुसऱ्या बर्नरची कळ किंचित उघडून दाब ८ इंचांवर आणा, कळ बंद करा. आता ३ मिनिटं पाणी हलता कामा नये.

८ इंचच का? ११ वर रेग्युलेटर मिटलेला असतो आणि त्याच्या मागे नळीत जास्त दाबाचा गॅस कोंडलेला असतो. बारीक गळती असली तर तो गॅस झिरपत ती भरून काढतो आणि पाणी हलत नाही. ८ वर रेग्युलेटर उघडा राहतो, त्यामुळे सिलिंडरपासून शेगडीपर्यंतचा सगळा मार्ग एकदम तपासला जातो.

पाणी उतरलं तर गळती आहे. प्रत्येक उपकरणाआधीचा वॉल्व्ह असेल तर एकेक बंद करून चाचणी पुन्हा करा. ज्याला बंद केल्यावर पाणी थांबेल, तिकडे गळती. पाणी ३ मिनिटं ढिम्म राहिलं तर नवा अलार्म घ्या.

याच नळीने रेग्युलेटरचा दाब मोजायचा असेल तर एक खाच आहे. बऱ्याच आरव्ही शेगड्यांत स्वतःचा छोटा रेग्युलेटर असतो, १० इंचांवर बसवलेला. म्हणून बर्नरवर १० दिसले की मुख्य रेग्युलेटर बिघडला असं नाही. ११ पाहायचे तर शेगडीच्या आधीच्या तपासणी-तोंडावर मोजा, निम्मी उपकरणं चालू ठेवून. सगळी बंद केल्यावर दाब थोडा चढतो ते योग्यच, पण १४ इंचांच्या पुढे जाऊन चढतच राहिला तर बैठक मिटत नाही.

नवा रेग्युलेटर बसवला, सिलिंडर काठोकाठ भरलेला, तरी शेगडी मिणमिणते आणि फर्नेस पेटतच नाही. सदोष माल?
— एक वाचक, शार्लट

बहुधा नाही. सिलिंडरचा वॉल्व्ह तुम्ही झटक्यात उघडलात. मोठ्या नटाच्या जोडात जादा प्रवाह अडवणारी झडप असते. नळी तुटून गॅस भसकन सुटला तर ती मिटते आणि नुसती धार झिरपू देते. रिकाम्या नळीत वॉल्व्ह एकदम उघडला की तिला नळी तुटल्यासारखंच वाटतं.

सगळी उपकरणं बंद करा, सिलिंडर बंद करा, नट सोडून मिनिटभर थांबा, परत हाताने बसवा आणि वॉल्व्ह अगदी सावकाश उघडा. आधी पाव फेरा, थोडं थांबून मग पूर्ण. एवढं करूनही ती पुन्हा पुन्हा मिटत असेल तर पुढे खरीच मोठी गळती आहे का किंवा एखादी कळ उघडी राहिली आहे का ते पाहा.

तुम्ही लिहिलंय की सिलिंडर "काठोकाठ" भरलाय. तो ८० टक्क्यांवर थांबायला हवा, उरलेली जागा गॅस फुगायला लागते. २० पौंडी सिलिंडरचं रिकामं असतानाचं वजन त्याच्या कड्यावर कोरलेलं असतं, त्यात २० मिळवा आणि वजन करून पाहा. जास्त भरला असेल तर गाडीला लावू नका, भरणाऱ्याकडे परत न्या.

थंडीत रेग्युलेटरवर पांढरं दव गोठलेलं दिसतं. गळती समजायची का?
— एक वाचक, मिनियापोलिस

दाब उतरताना गॅस थंड होतो, त्यामुळे दमट हवेत रेग्युलेटरवर थोडं दव येतंच. सिलिंडरच्या खालच्या भागावरचं दवही नेहमीचंच, गॅसची पातळी तिथवर आहे एवढाच त्याचा अर्थ. पण एकाच जोडाभोवती बर्फाचा ठिपका असेल तर साबण लावा. संपूर्ण रेग्युलेटर आणि पुढची नळी पांढरी फटक पडली असेल तर द्रव गॅस आत शिरतोय. सिलिंडर आडवा झालाय किंवा जास्त भरलाय, लगेच बंद करा.

रेग्युलेटर गोठला असं म्हणतात तेव्हा प्रोपेन गोठलेला नसतो, गॅसमधला पाण्याचा अंश बैठकीत गोठलेला असतो. गरम पाण्यात भिजवलेला फडका गुंडाळा. ज्योत, हीट गन काही नको. वारंवार होत असेल तर भरणाऱ्याला सिलिंडरमध्ये मिथेनॉल घालायला सांगा, त्यांना हे काम ठाऊक असतं.

सिलिंडर उघडा ठेवून गाडी चालवावी का? सगळे तसंच करतात.
— एक वाचक, पार्सिपनी, न्यू जर्सी

बंद ठेवा. फ्रिज बंद दाराआड चार-पाच तास सहज गार राहतो. टक्कर होऊन नळी तुटली तर झडप मिटेल यावर प्रवास बेतू नये.

तुमच्याकडची मंडळी वॉशिंग्टनकडे जाताना बाल्टिमोरला अडकतात, म्हणून सांगतो. फोर्ट मॅकहेन्री आणि हार्बर या दोन्ही बोगद्यांतून १० पौंडांपेक्षा मोठा प्रोपेन सिलिंडर नेता येत नाही, बंद असला तरी. पूर्वी अशा गाड्या बाल्टिमोरच्या फ्रान्सिस स्कॉट की ब्रिज या पुलावरून जात. तो २६ मार्च २०२४ रोजी कोसळला. आता शहराला पश्चिमेकडून वळसा घालणारा ६९५ हा महामार्ग धरायचा. जीपीएस तुम्हाला बिनदिक्कत बोगद्यात घालेल.

जुन्या ट्रॅव्हलर गाडीची कॅम्परव्हॅन करतोय. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर ठेवू की अमेरिकन आरव्हीचा रेग्युलेटर मागवू? पुढच्या वर्षी स्पितीला जायचं आहे.
— एक वाचक, पुणे

दोन्ही नको. घरगुती सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठीच दिलेला असतो, आणि एवढं धूड व्हॅनमध्ये नीट बांधताही येत नाही. अमेरिकन रेग्युलेटरचा नट आपल्या वॉल्व्हवर बसणार नाही. बसवून देणारा 'जुगाड' अडॅप्टर कुणी विकत असेल तर तो घेऊ नका. तिथले ११ इंच म्हणजे २८० मिलिमीटर पाणी, आपल्या रेग्युलेटरचा दाब ३०० मिलिमीटर. शेगडीच्या दृष्टीने फरक किरकोळ आहे, अडचण जोडाची आहे.

बाजारात खुला मिळणारा ५ किलोचा सिलिंडर, त्याच कंपनीचा रेग्युलेटर आणि सुरक्षा नळी घ्या. सिलिंडरचा कप्पा व्हॅनच्या आतल्या बाजूने पूर्ण बंद, बाहेरून उघडणारा आणि तळाला हवेची भोकं असलेला करा. ही भोकं चाकाजवळ किंवा सायलेन्सरजवळ नकोत. सिलिंडर उभा, दोन पट्ट्यांनी आवळलेला. नळी पत्र्यातून जाते तिथे रबरी बुश घाला, नाही तर घाटात घासून कापली जाते. नळी पाच वर्षांनी बदला.

रेग्युलेटर बसवण्याआधी दर वेळी वॉल्व्हच्या तोंडातली काळी रबरी कडी बोटाने चाचपून पाहा. आपल्याकडच्या निम्म्या 'रेग्युलेटर लीक'चं मूळ तिथेच असतं. वास आला तर रेग्युलेटरची कळ बंद करा, रेग्युलेटर काढून घ्या आणि दोरीला लटकणारी सेफ्टी कॅप वॉल्व्हवर दाबून बसवा. ती कॅप कापून फेकून देऊ नका. सिलिंडर मोकळ्या हवेत ठेवा आणि १९०६ ला फोन करा, हा गळतीसाठीचा चोवीस तास चालणारा क्रमांक आहे.

स्पितीचं म्हणाल तर आपल्या एलपीजीत ब्यूटेनचा मोठा वाटा असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ देतो, ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच थांबतो. ऑक्टोबरच्या पहाटे स्पितीतल्या काझ्यात सिलिंडर अर्धा भरलेला असूनही शेगडी मिणमिणेल, आणि तुम्ही रेग्युलेटरला दोष द्याल. पहाटेचा चहा आदल्या रात्री थर्मासमध्ये भरून ठेवा, स्वयंपाक ऊन वर आल्यावर करा. सिलिंडर उबेला म्हणून झोपायच्या जागेत घेऊ नका.